स्लोवर बंद पडणारी जुनी गाडी: चौथ्यांदा कार्बोरेटर खोलण्याआधी

अमळनेरला मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत जुनी शंभर सीसी मोटारसायकल घेऊन सापडलो, की दर दहा-पंधरा फुटांवर ती विझणार, मी किक मारणार आणि मागचा रिक्षावाला हॉर्न दाबणार, हे ठरलेलं. चालत्या गाडीत काडीचा दोष नव्हता. धुळ्यापर्यंत साठच्या वेगाने मस्त जायची. फक्त रेस सोडली आणि इंजिन स्लोवर आलं, की घुटमळायचं, दोन-चार आचके द्यायचं आणि बंद.

गाडी वडिलांची, 2003 सालची. तीन महिन्यांत तिचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग, तीनदा साफ झाला. दोनदा गॅरेजमध्ये, एकदा माझ्या हातून. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस गाडी झकास चालली आणि मग पुन्हा तेच रडगाणं. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, कार्बोरेटरच नवा टाका. मी पैसे काढायच्या बेतात होतो. आमच्या गल्लीत एक आप्पा आहेत. ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींत आयुष्य गेलेलं, आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून नुसते ओट्यावर बसतात. त्यांनी गाडी चालूसुद्धा करायला लावली नाही. अहिराणीत एवढंच विचारलं, "कव्हय बंद पडस ते सांग पयले."

"कधीही बंद पडते," मी म्हणालो.

"कव्हय बी बंद पडस अशी गाडी नही ऱ्हास, भाऊ."

मग मी दहा-बारा दिवस खिशात एक छोटी वही ठेवली. गाडी बंद पडली, की वेळ, इंजिन गार की तापलेलं, चोक (गार इंजिनला जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढलेला होता का, पेट्रोल किती, पाऊस की ऊन, एवढं लिहायचं. बायको म्हणाली, गाडीचा ताप मोजताय का? हसण्यासारखं होतं खरं. पण तीन महिन्यांच्या पानापकडीने जे कळलं नव्हतं, ते या वहीने दाखवलं: त्रास पुन्हा सुरू झाला तो दर वेळी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर, म्हणजे तळाच्या राखीव पेट्रोलवर, फिरवल्यानंतर. आणि मी तर शंभर-शंभर रुपयांचं पेट्रोल टाकणारा माणूस. म्हणजे कॉक महिन्यातले वीस दिवस रिझर्व्हवरच.

कधी बंद पडते, त्यावरून

माझ्या गाडीचं पुढे सांगतो. आधी ही वही वाचायची कशी, ते. स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, बॉक्सर, सीटी हंड्रेड अशा कार्बोरेटरवाल्या सगळ्या गाड्यांना हे लागू आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्या इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित वेगळं.

गाडी फक्त चोक ओढलेला असतानाच स्लोवर टिकते आणि चोक सोडला की विझते, तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त जातेय. स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) अर्धवट बुजलेला असतो, नाहीतर कार्बोरेटरच्या पुढच्या जोडातून चोरून हवा शिरत असते. याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून चांगली तापवा, मिसिंग, म्हणजे इंजिनाचं अडखळणं, सुरू असताना चोक हळूच अर्धा ओढा. इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी आहे. आणखी गुदमरलं तर पेट्रोल जास्त आहे. मग एअर फिल्टर चोंदलाय का, चोक पूर्ण मागे जातो का आणि फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) झिजून कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय का, ते बघायचं. खाली थेंब पडत असतील किंवा गाडी लावलेल्या खोलीत सकाळी पेट्रोलचा वास कोंडलेला असेल, तर ही सुईच.

गार असताना उत्तम आणि तापल्यावरच बंद, पुन्हा अर्धा तास गार झाली की उत्तम, असं असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. आधी टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू, बघा. टॅपेट फार टाईट झाले, की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि ते पहिल्यांदा स्लोवरच जाणवतं. आपल्याकडे टॅपेट वाजला की मालक धावत गॅरेजला जातो आणि आवाज बंद होईपर्यंत आवळून घेतो. थोडा किटकिट करणारा टॅपेट परवडला, मुका टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. सेटिंग इंजिन पूर्ण गार असताना, मॅग्नेटवरची टी खूण जुळवून, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून करायचं. किती फट ठेवायची ते ज्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. अंदाजाने नको.

तापल्यावर बंद पडण्याचा आणखी एक प्रकार आहे. चालत्या गाडीत कुणी चावी बंद केल्यासारखं इंजिन एकदम तुटतं, आचके नाहीत की घुटमळणं नाही. तिथे ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलवर किंवा ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलवर संशय घ्या. कॉइलमधली तार तापून फाकते, गार झाली की पुन्हा जुळते. बंद पडल्या पडल्या प्लग काढून ठिणगी बघितली तरच हे सापडतं. गॅरेजपर्यंत ढकलत नेईपर्यंत कॉइल गार झालेली असते आणि मेकॅनिक म्हणतो, गाडीला काही झालेलं नाही.

पंधरा-वीस किलोमीटर नीट गेल्यावर गाडी दम सोडायला लागते, थांबून दोन मिनिटांनी पुन्हा चालू होते, तेव्हा टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं, वरून हवा येत नाही, मग धार बारीक होते. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर, कापूस वेचणीच्या दिवसांत, हे भोक आणि एअर फिल्टर दोन्ही हमखास भरतात. झाकण धुऊन, हवा मारून काम होतं.

पावसात किंवा गाडी धुतल्यावरच त्रास होत असेल, तर प्लगची कॅप आणि तिची वायर. कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती काढून वायरचं टोक पाव इंच कापा, कॅप पुन्हा फिरवून बसवा. फुकटात होणारं काम आहे. गिअर टाकताक्षणी बंद पडत असेल, तर क्लचचं सेटिंग बघा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर इंजिनवर ओझं येतं आणि दोष कार्बोरेटरच्या नावावर जातो.

आणि साफ केल्यावर बरी होते, थोड्या दिवसांनी पुन्हा बिघडते, हा सगळ्यांत जास्त फसवणारा प्रकार. माझा हाच होता.

कार्बोरेटरचा काय गुन्हा

स्लोवर गाडी चालते ती स्लो जेटवर. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा, त्याचं भोक शिवणाच्या सुईपेक्षाही बारीक. रेस वाढवली की पेट्रोल नीडल आणि मेन जेटमधून यायला लागतं, तिथली भोकं मोठी. म्हणून स्लो जेट अर्धा बुजला तरी गाडी साठने पळते आणि स्पीडब्रेकरवर विझते. चालत्या गाडीत दोष नाही, हीच या दोषाची ओळख.

साफ करायचं, तर कार्बोरेटरखालची वाटी काढून दोन्ही जेट काढायचे, स्प्रे मारायचा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारायची. जेट उजेडाकडे धरून भोक पूर्ण गोल दिसतं का, ते बघायचं. त्यात क्लच वायरचा धागा घालून खरवडणारे पुष्कळ आहेत, त्यांना घालू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग ती गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते.

पण जेट बुजवणारा कचरा आला कुठून? एअर फिल्टरमधून आलेली धूळ स्लो जेटपर्यंत सहसा पोचत नाही, तिची वाट वेगळी. पेट्रोलच्या वाटेने आलं, तर टाकीतूनच. आप्पांचे शब्द असे: "कार्बोरेटरना काय गुन्हा शे? जे वरथून पडस ते त्याना पोटमा जास. टाकीमा देख."

टॉर्च लावून टाकीत बघितलं तर तळाला लाल-तपकिरी थर. वडील आजारी होते तेव्हा ही गाडी दोन पावसाळे खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, टाकी अर्धी रिकामी. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा असते, रात्री पत्रा गार पडला की आतून घाम धरतो आणि ते पाणी तळाला जातं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर झालं, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. रिझर्व्हची नळी पेट्रोल उचलते ती नेमकी तिथूनच. चालूच्या खुणेवर कॉक असताना वरच्या उंच नळीतून स्वच्छ पेट्रोल यायचं, म्हणून गाडी बरी. रिझर्व्हवर फिरवला, की तळाचा गाळ. कॉकवर आत एक जाळी असते, ती गाळ अडवते. माझ्या कॉकची जाळी एका बाजूने फाटलेली होती. तीन वेळा कार्बोरेटर साफ करणाऱ्यांपैकी कुणीच, मीसुद्धा, कॉक काढून बघितला नव्हता.

तुमच्याकडे असा संशय असेल तर टाकी काढण्याआधी एवढं करा. कार्बोरेटरच्या वाटीला खाली ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला गोळीसारखं पाणी लोळताना दिसलं किंवा तपकिरी पूड बसली, तर टाकीकडे वळा. मग कॉकची पाईप कार्बोरेटरकडून काढून दुसऱ्या बाटलीत धार सोडा. धार एकसारखी पडली पाहिजे. आधी चांगली असून मिनिटाभरात मंदावली आणि झाकण उघडताच वाढली, तर वर सांगितलेलं झाकणाचं भोक. सुरुवातीपासूनच बारीक असेल तर कॉक किंवा जाळी. हे सगळं उघड्यावर, चूल-बिडीपासून लांब.

टाकी मी घरीच साफ केली. पेट्रोल काढलं, कॉक काढून भोक रबराच्या बुचाने बंद केलं आणि टाकी दिवसभर उघडी ठेवून वाफ जाऊ दिली. मग किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि मूठभर नट टाकले, टाकी गोधडीत गुंडाळून घुसळली आणि एक रात्र तशीच ठेवली. नट मोजून टाका. मी तीस टाकले, बाहेर आले एकोणतीस. तिसाव्यासाठी टाकी डोक्यावर धरून अर्धा तास अंगणात फिरलो, शेजारच्या पोरांना फुकटचा तमाशा. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दोनदा धुतली आणि उन्हात ठेवली. मेचं ऊन होतं, पारा पंचेचाळीसच्या आसपास, तासाभरात टाकी खडखडीत कोरडी. जळगाव-भुसावळच्या उन्हाचा असा उपयोग एरवी कुणाला होत नसेल. कोरडी झाल्या झाल्या आत थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवलं. नाहीतर उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. एक सावधगिरी: गंज फार खोल असेल तर व्हिनेगरने गंज जातो आणि त्यामागे लपलेलं भोक उघडं पडतं. शिवणीच्या कडेला फोड आलेले दिसत असतील, तर टाकी बनवणाऱ्याकडेच न्या.

कॉकची नवी जाळी बसवली आणि पाईपमध्ये एक छोटा पारदर्शक फिल्टर टाकला. या गाड्यांत पेट्रोल फक्त वरून खाली उतरतं, पंप नसतो. म्हणून फिल्टर मोटारसायकलचाच घ्या आणि पाईपला मुरड पडू देऊ नका. नाहीतर एक दुखणं घालवताना दुसरं लागायचं.

उरलेलं दुखणं

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण टाकी स्वच्छ झाल्यावरही गाडी पूर्ण सुधारली नाही. आता बंद पडत नव्हती, पण तापल्यावर स्लो वर-खाली व्हायचा आणि रेस सोडली की आवाज लगेच खाली न येता दोन-तीन सेकंद लटकायचा. रेस लटकणं म्हणजे बहुतेक वेळा चोरहवा. रेसची वायर आधी तपासली: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं, आवाज बदलला नाही, म्हणजे वायर मोकळी.

चोरहवा शोधायला काही मेकॅनिक चालू इंजिनवर, कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पेट्रोल! मी स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेतलं आणि जोडावर बारीक फवारा मारला. फवारा बसला की इंजिनचा आवाज क्षणभर बदलला. सापडली. जोडातला काळा इन्सुलेटर काढला, तर त्याच्या खाचेतली ओ-रिंग चपटी आणि प्लास्टिकसारखी कडक झालेली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबरांना इथेनॉल फारसं मानवत नाही, शिवाय इंजिनची धग आहेच. रिंग काही रुपयांत आली.

पण नवी रिंग बसवूनही आवाजात थोडा फरक राहिला. आधीच्या कुणीतरी गळती थांबवण्यासाठी दोन्ही बोल्ट जीव खाऊन आवळले होते, त्यामुळे कार्बोरेटरचा फ्लँज, म्हणजे जोडाची सपाट कड, धनुष्यासारखा वाकला होता. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, हलक्या हाताने आठाच्या आकड्यात घासून तो सरळ केला. बोल्ट आवळताना दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे.

सेटिंग नेहमी सर्वांत शेवटी करायचं. लोक सुरुवातच स्क्रूपासून करतात. रस्त्यात बंद पडली की आयडल स्क्रू (स्लो कमी-जास्त करणारा) अर्धा फेरा आत, पुन्हा पडली की पुन्हा आत. मग गाडी स्लोवर ओरडत राहते आणि खरा दोष झाकला जातो. दोष काढल्यावर गाडी तापवा. आयडल स्क्रूने स्लो थोडा वर घ्या. मग हवेचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत जास्त आणि एकसारखं कुठे फिरतं ती जागा शोधा, तिथे सोडा आणि आयडल पुन्हा खाली आणा. शंभर सीसीच्या गाड्यांना मिनिटाला साधारण 1,400 फेरे पुरतात. मीटर नसेल तर कानावर भरवसा ठेवा: ठोके वेगळे ऐकू यावेत, पण अडखळू नयेत.

त्या स्क्रूबद्दल एक गोंधळ आहे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो. आत फिरवला की हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर फिरवला की पेट्रोल जास्त. मित्राच्या गाडीवर शिकलेलं आपल्या गाडीवर उलटं पडतं ते यामुळे. दोन्हींत सुरुवात म्हणून स्क्रू हलकेच पूर्ण आत बसवून दीड ते दोन फेरे बाहेर काढा. हलकेच म्हणजे खरंच हलकेच. आवळलात तर टोक मोडून भोकात अडकतं. इथेनॉलवाल्या पेट्रोलवर जुन्या गाड्यांना स्लोवर पेट्रोल थोडं कमी पडतं, म्हणून पूर्वीपेक्षा पाव फेरा जास्त पेट्रोलच्या दिशेने लागला तर घाबरू नका. माझ्या गाडीला लागला.

प्लगचं राहिलंच. जुन्या शंभर सीसी गाड्यांत बहुतेक 10 मिलिमीटर आट्यांचा छोटा प्लग असतो, गॅप 0.6 ते 0.7 मिलिमीटर. बदामी-चॉकलेटी रंग चांगला, मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फट्ट म्हणजे कमी. पण तासभर बाजाराच्या गर्दीत स्लोवर फिरवून काढलेला प्लग काळाच दिसणार, त्यावरून निकाल देऊ नका. एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, हलकं ऑइल लावून बसवा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा.

हे सगळं करूनही हाती काही लागलं नाही, तर शेजाऱ्याची त्याच मॉडेलची गाडी मागा आणि एकेक भाग अदलाबदल करून बघा: आधी प्लग, मग कॅप, मग कॉइल, शेवटी सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). एका वेळी एकच. दोन भाग एकदम बदलले तर गाडी सुधारेल, पण दोष कुठे होता ते कळणार नाही, आणि शेजाऱ्याला त्याचा भाग परत द्यायचा असतो.

माझी गाडी आता मंगळवारच्या रांगेतही उभी राहते. कॉक अजून बरेचदा रिझर्व्हवरच असतो, ती सवय गेली नाही. फक्त दर पंधरा दिवसांनी वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून बाटलीत बघतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा पहाटे तिला दोन मिनिटं चोक लागतो. तो दोष नाही, वहीत लिहायची गरज नाही.